आबा, तुमच्या कानाची खूण वेगळी निघाली

आबा,

सात महिने मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. खोटं बोलले नाही. तुम्ही विचारायचात, "काय गं, तुझं मशीन काय म्हणतंय?" आणि मी म्हणायचे, "चालूय." काम खरंच चालू होतं. पण तुम्हाला काय ऐकायचंय ते मला ठाऊक होतं आणि मी ते तोंडातून काढलं नाही. मला वाटलं, आधी सगळं नीट करू, मग एकदम सांगू. तेवढ्यात तुम्ही गेलात.

भावकीतले म्हणतायत, सुवर्णा, तू शिकलेली, आबांवर चार शब्द लिहून दे, पेपरात देऊ. जन्म, नोकरी, निवृत्ती आणि मनमिळाऊ स्वभाव, हे ज्याला द्यायचं त्यानं द्यावं. तुमचा स्वभाव मनमिळाऊ नव्हता. तुम्ही हट्टी होतात. एकदा अबोला धरलात की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळवायचात. मी तुमच्याच ताटात जेवून मोठी झाले, तेव्हा मीही काही कमी नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय, पेपरासाठी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोडनदीच्या काठी तुमची राख सावडली. तुमच्या आईला जिथं अग्नी दिला त्याच्या शेजारीच तुम्हाला द्यायचा, हे तुम्ही काकीला बजावून ठेवलं होतं, म्हणून तुम्हाला दौंडहून गावाला आणलं. अग्नी माझ्या वडलांनी, म्हणजे आप्पांनी दिला. तुम्हाला मूल नाही, मग धाकटा भाऊच. चार वर्षांत तुमच्याशी एक शब्द न बोललेला भाऊ. त्यांनी सगळं नीट केलं, पण चेहरा असा की जणू दुसऱ्या कुणाची ड्यूटी करतायत.

काकी राखेतून बोटं फिरवत होती. म्हणाली, "समदं घ्या. मागं काय ठिवू नका."

मी गप्प बसू शकले असते. पण माझं तोंड उघडलं.

"काकी, आबांचं थोडं माझ्याकडं हाय."

"काय हाय?"

"रक्तातल्या पेशी. आमच्या लॅबच्या टाकीत, गोठवलेल्या. एक नळी."

आप्पा वळले. "सुवे, ही जागा हाय का असलं बोलायची?"

काकीनं त्यांना हातानं थांबवलं. "गोठवलेल्या म्हंजी? मेलेल्या?"

"न्हाई. जिवंत."

काकी तिथंच वाळूत बसली. मग म्हणाली, "किती दिस राहत्यात?"

"ठेवल्या तर कितीबी वर्षं."

"न्हाई. त्यांना असं कोंडून ठिवू नको. तुला जे बघायचंय ते बघ आन् दहाव्याच्या आत मोकळं कर. मागं काय ठिवायचं न्हाई म्हंजी न्हाई."

मला काय बघायचंय ते तिला माहीत होतं. आप्पांनाही माहीत होतं. सात दिवस होते आणि नळी एकच.

*

अकरावीला मी दौंडला तुमच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा आपल्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. दोन पिढ्या मेंढरांमागं गेल्या, तिसरी कांदा आणि उसामागं. तुम्ही पंचविशीपर्यंत मेंढरं राखलीत आणि मग रेल्वेत लागलात. कीमन. रोज सकाळी हातोडी खांद्यावर घेऊन रुळावरून चालत जायचं, रुळाला आवळून धरणारी प्रत्येक लोखंडी चावी ठोकून बघायची, सैल झाली असेल तर घट्ट करायची. मी विचारलं होतं, "आबा, कंटाळा न्हाई येत?" तुम्ही म्हणालात, "मेंढरामागं चालत हुतो तवा वाट सापडायची न्हाई. हितं निदान रूळ हाय."

एम. एस्सी. झाले, पुण्याच्या लॅबमध्ये लागले, रोज दौंडहून डेमू गाडीनं जायला लागले. तुम्ही स्टेशनवर ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगायचात, "आमची पुतणी. करोनावर काम करती." मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

एका रविवारी ओट्यावर शेंगा फोडत तुम्ही विचारलंत, "पण करती म्हंजी नक्की काय करती?"

मी सांगायला घेतलं. म्हटलं, आबा, अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या काहींना टी पेशी म्हणतात. विषाणू दुसऱ्या पेशीच्या आत शिरतो, तो त्यांना दिसत नाही. मग प्रत्येक पेशी तिच्या आत काय चाललंय त्याचा एक बारीक तुकडा बाहेर आणून अंगावरच्या एका प्रथिनाच्या खोबणीत ठेवते. टी पेशी फिरत फिरत ते बघतात. हे प्रथिन प्रत्येकाचं वेगळं असतं.

तुम्ही शेंग फोडायची थांबलात. "म्हंजी मेंढीचा कान."

"काय?"

"आगं, कानाला खूण असती. आपल्या घरची वरनं एक चीर आन् खाली तिरका काप. मेंढका कळपात फिरतो तवा पहिलं कान बघतो. आपल्या खुणेचा कान आसल तर त्यात गोचीड बसलीय का बघतो. दुसऱ्याच्या खुणेच्या कानात गोचीड आसली तर त्याला काय दिसत न्हाई. त्यो बघतच न्हाई."

विद्यापीठात मला हे कुणी इतकं सरळ समजावलं नव्हतं. खोबण म्हणजे कान, विषाणूचा तुकडा म्हणजे गोचीड, टी पेशी म्हणजे मेंढका. खूण आणि गोचीड दोन्ही ओळखीची हवीत.

"मग तू काय करती?"

"मी खोटे कान बनवते."

तुम्ही हसलात ते शेंगा सांडेपर्यंत.

मग सगळं सांगितलं. त्या प्रथिनाचा जीन जिवाणूत घालायचा, जिवाणू वाढवायचे, ते भराभर प्रथिन बनवतात पण त्याचा नुसता गोळा होतो. तो गोळा युरियात विरघळवायचा.

"युरिया? उसाला टाकतो त्यो?"

"त्यातलाच. जरा शुद्ध."

"आरं तिच्या. पाटसच्या कारखान्याला सांग, आमच्या उसापासनं बी कान निघत्याल."

मग विरघळलेलं प्रथिन थंड द्रावणात थेंब थेंब सोडायचं. त्या द्रावणात विषाणूचा तुकडा आधीच टाकलेला असतो. दोन-तीन दिवसांत प्रथिन त्या तुकड्याभोवती स्वतःला घडी घालतं. कान गोचिडीसकट तयार. असे चार कान एकत्र बांधायचे आणि त्यांना लेझरखाली चमकणारा रंग लावायचा.

"चार कशापायी?"

"एक कान मेंढका धरतो आणि सोडून देतो. चार एकदम आले की सुटत न्हाई."

"बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "एडका धरायचा तर चार जणच लागत्यात."

मग ते रक्तात मिसळायचं आणि पेशी एकेक करून मशीनमधून सोडायच्या. ज्या पेशीनं पूर्वी तो विषाणू पाहिलेला असतो, ती हे कान घट्ट धरते आणि चमकते. पडद्यावर तिचा ठिपका वेगळ्या कोपऱ्यात जातो.

"म्हंजी वाघरीतनं मेंढरं मोजल्यासारखं," तुम्ही म्हणालात. आणि मग ती गोष्ट सांगितलीत. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, त्या जाळीच्या कुंपणात घालायची तेव्हा तोंडाशी एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला आप्पा उभे राहायचात. दोघांनीही मोजायचं. आकडा एकमेकांना सांगायचा नाही. दोघांनी आपापला आकडा तुमच्या आईच्या कानात सांगायचा. जुळला तर ती म्हणायची, "भरली." नाही जुळला तर परत बाहेर काढा. "एकाचं ऐकून दुसरा तेच म्हणतो," तुम्ही म्हणालात, "म्हनून म्हातारी कानात सांगाय लावायची."

*

ती आई दुसऱ्या लाटेत गेली. म्हातारपणानं गेली, झोपेत. तुम्ही त्या वेळी क्वार्टरच्या मागच्या खोलीत दहा-बारा दिवस पडून होतात. ताप, छातीत घरघर, कांदा नाकाला लावला तरी वास नाही. काकी दाराखालून ताट सरकवायची. मी ओसरीवरून बोलायचे आणि तुम्ही भिंतीवर बोटानं ठोकून उत्तर द्यायचात, कारण बोलायला दम नव्हता. स्वॅब घ्यायला उशीर झाला होता. रिपोर्ट आला निगेटिव्ह.

आप्पांचा फोन आला. "दादा, आई गेली. थांबतो तुझ्यासाठी."

तुम्ही म्हणालात, "थांबू नको. मी येत न्हाई. गावाला रोग आणीन."

"रिपोर्ट काय आला?"

तुम्हाला खोटं बोलता आलं असतं. तुम्ही खरं सांगितलंत. "निगेटिव."

फोन बंद झाला. त्यानंतर आप्पा तुमच्याशी बोलले नाहीत. गावात एकच वाक्य फिरलं: थोरला मुलगा रिपोर्ट निगेटिव्ह असून आईला अग्नी द्यायला आला नाही, भ्याला. मी घरी जाऊन भांडले. आप्पा म्हणाले, "त्यानं तुला शिकवलं, म्हनून त्याचीच बाजू घेती तू." मी म्हणाले, मी डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, "डोळ्यानं ताप दिसतो. रोग कुणाला दिसतो?"

म्हणून तुम्ही त्याच वर्षी मला रक्त दिलंत, आबा. अभ्यासासाठी नाही. लॅबला आजार होऊन गेलेल्यांचं रक्त हवं होतं. तुम्ही दौंडहून डेमूनं आलात, फॉर्म चष्मा लावून पूर्ण वाचलात, आणि शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंत: निकाल मला कळवावा. आमच्या सरांनी ते वाचून माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "अशा तपासणीचा निकाल एकेका माणसाला सांगण्यासारखा नसतो. हे आजाराचं प्रमाणपत्र नाही." मी म्हटलं, समजावते. मी काय समजावणार? मला तुमच्यापेक्षा जास्त घाई झाली होती.

आणि इथं मी ती चूक केली.

लॅबमध्ये आमच्या सगळ्यांच्या खुणांचे प्रकार काढलेले होते. माझ्यात ए-अकरा नावाची खूण होती. त्या वेळी आमच्याकडं तयार कानही ए-अकराचेच होते. नियम असा की ज्याचं रक्त तपासायचं त्याची खूण आधी काढायची. मी तुमची काढली नाही. मला गरजच वाटली नाही. एका घरची मेंढरं, एकच खूण. तुमचं रक्त ते माझं रक्त. जन्मभर घरात हेच ऐकलं होतं: आपल्या घराण्याचं रक्त. दोन पदव्या घेतलेली बाई मी, आणि त्या दिवशी मी मेंढक्याच्या घरची पोर म्हणून विचार केला. तोही अर्धवटच. कारण मेंढीच्या कानाची खूण माणूस करतो. माणसाची खूण अर्धी आईकडून येते आणि अर्धी बापाकडून.

मशीननं दाखवलं: काही नाही. कोपरा रिकामा.

आजीच्या वर्षश्राद्धाला तुम्ही गावाला आला होतात. आप्पा समोर बसले होते आणि तुमच्याकडं बघत नव्हते. जेवणं झाल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत. तुम्हाला खात्री होती म्हणून सगळ्यांसमोर विचारलंत. "सुवर्णा, निकाल काय आला सांग."

मला गप्प बसता आलं असतं. सर म्हणाले होते तसं, हे सांगण्यासारखं नसतं, असं म्हणता आलं असतं. पण मी लॅबवाली होते ना. मी म्हणाले, "आबा, तुमच्या रक्तात त्या विषाणूची ओळख सापडली न्हाई."

आप्पा उठले. पान उचलता उचलता बाकीच्यांना म्हणाले, "आता त्याच्याच पुतणीचं मशीन सांगतंय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. रुळावरची चावी ठोकल्यावर आवाज वेगळा आला तर जसं थांबून बघायचात तसं. परत येताना एसटी चौफुल्याला लागली. मग म्हणालात, "तुझं मशीन चुकतंय."

"आबा, मशीन न्हाई चुकत."

"मग तू चुकती."

"मी तीनदा केलंय."

"एकाच बाजूनं तीनदा मोजलं तर तीनदा तेच येणार."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. मनात म्हणाले, यांना काय कळतंय.

*

सात महिन्यांपूर्वी लॅबनं टाकीतल्या सगळ्या नमुन्यांच्या खुणा काढायचं ठरवलं. यादी आली. तुमच्या नावाऐवजी नंबर होता, पण तो नंबर मला पाठ होता. समोर लिहिलं होतं: ए-चोवीस, ए-तेहतीस.

ए-अकरा नव्हतंच.

मी आईचं रक्त तपासायला नेलं. माझी ती खूण आईकडून आली होती. तिच्या माहेरची. ज्या घराण्याच्या रक्ताचा अभिमान धरून मी तुम्हाला तपासलं, ती खूण त्या घराण्याची नव्हतीच. मी परक्या कळपाचा कान तुमच्या मेंढक्यापुढं धरला होता, आणि त्यानं बघितलं नाही म्हणून म्हटलं होतं, तो आंधळा आहे.

त्याच संध्याकाळी डेमूतून उतरून सरळ तुमच्याकडं यायला हवं होतं. "आबा, मी चुकले." तीन शब्द. स्टेशनपासून घर दहा मिनिटांवर. ती दहा मिनिटं मी चालले, तुम्ही दारात होतात, "आलीस? भाकरी गरम हाय" म्हणालात, आणि मी जेवले.

कारण सांगते. नुसतं चुकले म्हटलं तर शून्य पुसलं जात होतं, पण त्या जागी काही येत नव्हतं. मला तुमच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. म्हणून सरांना सगळं सांगून परवानगी घेतली आणि ए-तेहतीसचे कान बनवायला घेतले. विषाणूच्या आतल्या प्रथिनाचा तुकडा निवडला, तुमच्या लशीत नव्हता असा, आणि साध्या सर्दीच्या विषाणूंत आम्हाला सापडला नाही असा, म्हणजे ओळख निघाली तर ती त्या आजाराचीच ठरावी. पण ते प्रथिन घडी घालेना. थंड द्रावणात सोडलं की सकाळी तळाशी पांढरा गाळ. तुकडा बदलला, गाळ. द्रावण बदललं, गाळ. दर वेळी तीन-चार आठवडे जायचे. हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की त्या शून्याचा मला तुमच्यासमोर अभिमान वाटला होता, आणि तो गिळायला मला सात महिने पुरले नाहीत.

जायच्या आदल्या सकाळी तुम्ही मला स्टेशनवर सोडायला आलात. गुडघा दुखत होता तरी आलात. डेमू लागली होती. तुम्ही म्हणालात, "काय गं, मॅडम, तुझं मशीन सुधरलं का?"

"चालूय, आबा."

"सांग हां. खरं निघालं तरी सांग, खोटं निघालं तरी सांग. मी काय कोर्टात न्हेत न्हाई तुला."

"पहिलं तुम्हालाच सांगेन," मी म्हणाले. गाडी हलली. त्या आठवड्यात पहिल्यांदा गाळ झाला नव्हता. कान तयार झाले होते. दोन दिवसांनी चाचणी लावणार होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पडलात ते उठलाच नाहीत.

*

काकीनं मुदत दिल्यावर मी सरांकडं गेले. ते म्हणाले, एकच नळी, ती चार वर्षं जुनी, वितळताना निम्म्या पेशी मरतील. आणि त्यातूनही दोन भाग करावे लागतील: एकात खरे कान, दुसऱ्यात त्याच खुणेचे पण भलत्याच विषाणूचा तुकडा असलेले. दुसरा भाग नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. पण दोन भाग केले की प्रत्येकात पेशी निम्म्या. "सगळ्या एकातच टाकल्या तर काहीतरी दिसण्याची शक्यता जास्त," सर म्हणाले. "पण मग त्यावर मीही विश्वास ठेवणार नाही."

मी जिन्यात बसून विचार केला. तुम्हीच आठवलात. एकाच बाजूनं मोजून चालत नाही.

आठव्या दिवशी नळी काढली. कोमट पाण्यात धरली, बर्फाचा एवढासा खडा उरेपर्यंत. मग थेंब थेंब. सोबतची मैत्रीण म्हणाली, "मी करते." मी म्हणाले, नको. काचेवर एक थेंब ठेवून निळा रंग मिसळला. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. सूक्ष्मदर्शकात बघितलं. पुष्कळ निळ्या होत्या. आणि त्यांच्यामध्ये, आबा, गोल, स्वच्छ, चकाकणाऱ्या. तुमच्या राखेचं गाठोडं गावाला बाभळीला बांधलेलं होतं, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर जिवंत होतात. मी वर बघितलं नाही, कारण वर बघितलं असतं तर काम थांबलं असतं.

दोन नळ्या भरल्या. कुठलीत काय, हे मला कळू नये म्हणून मैत्रिणीनं कान टाकले आणि वर फक्त अ आणि ब लिहिलं. चिठ्ठी तिच्या एप्रनच्या खिशात.

अ लावली. पडदा भरत गेला, एका कोपऱ्यात दाट ढग, आणि वर उजवीकडचा कोपरा रिकामा. रिकामाच. शेवटी दोन ठिपके आले आणि नळी संपली. मी ब लावली. तसाच ढग. तसाच कोपरा. एक ठिपका आला. थांबला. मग दोन जवळजवळ. मग लांबून, माळाच्या उतारावर संध्याकाळी मेंढरं एकेक दिसायला लागावीत, तसे. मग नळी संपली.

मैत्रिणीनं चिठ्ठी काढली. ब म्हणजे खरे कान.

सर आले, दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली. म्हणाले, "संशोधनाच्या पेपरात घालणार नाही, एक माणूस, एक नळी. आणि प्रमाणपत्र तेव्हाही नव्हतं, आताही नाही." मग जाता जाता म्हणाले, "पण ही ओळख आहे. त्या कोपऱ्यात ती आपोआप येत नाही."

उरलेलं सगळं नियमाप्रमाणं ब्लीचमध्ये सोडलं. काकीला फोन केला. "झालं मोकळं." ती म्हणाली, "बरं झालं." काय निघालं ते विचारलं नाही. म्हणाली, "दहाव्याला सांग. समद्यांसमोर इचारलं हुतं त्यांनी, समद्यांसमोरच सांग."

*

आज दहावा झाला. नदीला पाणी थोडंच होतं. आप्पांनी मुंडण केलेलं, उघड्या अंगानं पिंडापुढं बसलेले. विधी उरकत आला तेव्हा मी उभी राहिले. वर्षश्राद्धाला होते ते बहुतेक सगळे होते. मी म्हणाले:

"आजीच्या श्राद्धाला मी सांगितलं हुतं की आबांच्या रक्तात काय सापडलं न्हाई. ते चूक हुतं. आबांची चूक न्हाई, मशीनची न्हाई. माझी. मी त्यांची खूण बघितलीच न्हाई, माझ्याच खुणेनं त्यांना मोजलं. सात महिने मला माहीत हुतं आन् मी त्यांना सांगितलं न्हाई."

मी दोन्ही कागद आप्पांपुढं धरले. एकावर दोन ठिपके, दुसऱ्यावर तो कळप.

"हे काय?" आप्पा म्हणाले.

"ह्यातला एकेक ठिपका म्हणजे आबांच्या रक्तातली एक पेशी. त्यो रोग आधी बघितल्याशिवाय त्या बहुतेक तिथं येत न्हाईत. शंभर टक्के पुरावा न्हाई म्हणत सर. पण मोजा."

"तू मोजलं आसशील की."

"मी सांगत न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कागद गुडघ्यावर ठेवला आणि बोटाच्या टोकानं, न टेकवता, मोजायला लागले. ओठ हलत होते. मी स्वतः डोळ्यांनी मोजले तेव्हा अठ्ठावीस आले होते. मशीनचा आकडा वेगळा होता. कुठं चुकतंय ते मला दोन दिवस सापडलं नव्हतं. आप्पा एका जागी थांबले, कागद जरा तिरका धरला, पुटपुटले, "ह्या मागं एक दडलीय."

मोजून झाल्यावर ते इकडंतिकडं बघू लागले. कुणाच्या कानात सांगायचं ते त्यांना सुचेना. मी खाली वाकले. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"एकोणतीस."

मशीनचा आकडाही तोच होता. मी म्हणाले, "भरली."

आप्पा उठले. कागद काकीच्या हातात दिला आणि तसेच नदीत गुडघाभर पाण्यात गेले. आम्हाला वाटलं अंघोळीला गेले. ते तुमच्याशी बोलले नाहीत, आबा. तुमच्या आईला जिथं अग्नी दिला होता त्या काठाकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"आई, दादा खरंच आजारी हुता गं."

तुम्हाला पहिलं मी सांगेन असा शब्द दिला होता. तो मला पाळता आला नाही. पण ज्यांना ऐकवायचं होतं त्यांना आप्पांनी ऐकवलं, आणि मागं काही ठेवलं नाही.

तुमची,
सुवर्णा